कुदळीची झोप

आयानलेरे सकाळपासून कानांवर दोन वाट्या पालथ्या घालून बसला होता. हाक मारावी तर ऐकू जात नाही. मान डोलते ती आपल्या हाकेला नव्हे, वाट्यांतल्या गाण्याला. बावीस वर्षांचा घोडा. दुपारी तर घरात सापडतच नाही, कुठे उंडारतो देव जाणे. ओग्बोमोशोत कुणालाही विचारा, पहाटे राजवाड्याच्या दारात ढोलावर राजाचं नाव घेऊन त्याला उठवायचा मान कुणाचा? आयान घराण्याचा. आणि त्या घराण्याचा हा दिवा मांडीवर यंत्र घेऊन बटणं दाबतो.

आयानतोके अंगणात एगुसीच्या बिया सोलत होती आणि हे सगळं बियांना ऐकवत होती. नातवाशी ती कामापुरतंच बोलायची. दोन वर्षांपूर्वी त्यानं राजवाड्याची पाळी सोडली, त्या दिवशी तिनं त्याचा एक शब्द काढून घेतला. नातवाला 'माझ्या नवऱ्या' म्हणणं हा आजीचा लाड. तो पाठीला बांधलेला असल्यापासून ती त्याला रोज तशीच उठवायची. आता नुसतं 'ए' म्हणायची. तेही चढ्या आवाजात.

फोन वाजला. लागोसहून मोरेनिके नावाची बाई बोलत होती, जगभर गाणी पोचवणाऱ्या कंपनीतली. आयानलेरेनं वाट्या उतरवल्या आणि फोन बाकावर ठेवून आवाज मोठा केला. बाईला दम नव्हता. सगळं जग आता आपल्या तालावर नाचायला निघालंय, म्हणाली. पुढच्या वर्षी लोकांना गावाकडचा, मुळातला आवाज हवा असणार. त्याचं गाणं शुक्रवारच्या यादीत सगळ्यात वर लागणार, जपानपासून ब्राझीलपर्यंत. ढोल पहिल्या सात सेकंदांतच येतो हे फार चांगलं, त्याच्यापुढे हल्ली कुणी थांबत नाही.

आयानतोकेनं नाक मुरडलं. तिच्या बापानं सात पिढ्यांची नावं ढोलावर घेतल्याशिवाय पाहुण्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता.

फक्त एक होतं, बाई म्हणाली. ढोल जरा वाकडा वाजत होता, सुरात बसत नव्हता. तो त्यांच्या माणसानं यंत्रावर सरळ करून घेतला होता. ऐकायचं आणि हो म्हणायचं, एवढंच काम.

गाणं सुरू झालं. ढोल बोलला, "ऊठ, माझ्या कुदळी, ऊन छपरावर आलं."

आयानतोकेच्या बोटांतली बी निसटली. ही तिचीच हाक. रोज सकाळची, शब्दन् शब्द तिची. फक्त नवऱ्याच्या जागी कुदळ. त्यांच्या भाषेत 'ओको' म्हणजे नवरा, आणि शेवटचा सूर वर उचलला की तोच 'ओको' कुदळ होतो. ढोलाला कुठले ओठ? सूर हेच त्याचे शब्द. म्हणजे पोरगं आजीची हाक घेऊन जगाच्या चव्हाट्यावर तिची थट्टा करायला निघालं होतं. तिनं सूप बाजूला ठेवलं. तोंडात चांगलं जळजळीत काहीतरी जमवलं.

"हे असं जाणार नाही," आयानलेरे फोनला म्हणाला.

 बाईनं समजावून सांगितलं की यादी तीन वाजता बंद होते. आज नाही म्हटलं तर पुन्हा कधी नंबर लागेल ते तिलाही सांगता येणार नाही. आणि एका ढोलासाठी कशाला अडून बसायचं? आमच्या नोंदीत तर लिहिलंय, शब्द : नाहीत.

आयानलेरे उठून आत गेला. खुंटीवरचा आजोबांचा ढोल घेऊन आला. आयानतोकेला वाटत होतं, त्याचं कातडं एव्हाना उंदरांनी खाल्लं असेल. पण कातडं तेल पिऊन मऊ होतं. खांद्याचा पट्टा घामानं काळा पडला होता, ताज्या घामानं. दुपारी हा कुठे जात होता ते तिला त्या पट्ट्यानं सांगितलं. गाण्यातला ढोल यंत्रातून आलाच नव्हता.

त्यानं ढोल काखेत दाबला आणि फोनपाशी वाकून आधी कंपनीचा सरळ ढोल वाजवून दाखवला. मग दोरी सैल सोडून 'ओको'चा शेवटचा सूर खाली आणला आणि आपला वाकडा वाजवला.

"ऊठ, माझ्या नवऱ्या, ऊन छपरावर आलं."

 फोनमधली बाई हसायला लागली. हसता हसता तिचा शहरी तोरा गळून पडला आणि ती थेट गावच्या बोलीवर आली. "अगं बाई. म्हणजे शुक्रवारी आम्ही साऱ्या जगात कुदळीची झोपमोड करणार होतो!"

"होय, ताई."

"राहू दे तुझा वाकडाच. असाच जाईल, सगळ्यात वर. थांब, नोंदीतलं 'नाहीत' खोडते. शब्द कुणाचे लिहू?"

आयानलेरेनं अंगणाकडे पाहिलं नाही. "आयानतोके," तो म्हणाला. "माझी आजी."

पलीकडे बाईनं एकेक अक्षर विचारून घेतलं. आयानतोकेनं आपलं नाव असं तुकड्यातुकड्यानं लागोसला जाताना ऐकलं. डोक्याचं फडकं नीट बांधून घेतलं, जणू कुणी बघायला आलं होतं. फोन बंद झाला. आयानलेरे ढोल काखेत तसाच धरून उभा राहिला, राजवाड्याच्या दारात उभं राहावं तसा.

तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. एक बी सोलली. दुसरी सोलली.

"'ऊठ' म्हणताना दोरी अजून आवळ," ती म्हणाली. "इतक्या नरम आवाजात मी जन्मात कुणाला उठवलेलं नाही, माझ्या नवऱ्या."