आपोआप उघडतं ते

कंप्युटर सुरू केला की मेलचा तो प्रोग्राम आपोआप उघडायचा आणि धम्मानंदच्या पत्रानं अर्धा स्क्रीन भरून जायचा. आज तो देवणीच्या संगप्पासमोर उघडला. संगप्पा पोरीच्या पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनला आला होता. क्लास चालवणाऱ्या नरसिंग सरांनी स्क्रीनपुढं हजेरीचं रजिस्टर उभं धरलं, बापलेकीला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या अजहरला फोन लावला.

"हातातलं टाक आणि ये."

अजहर गंजगोलाईच्या बाजारातल्या दुकानातून स्कूटरवर निघाला. वाटेत त्यानं एकच वाक्य घोकलं : सर, अलीझाला स्टार बॅचला घ्या ना. हे वाक्य तो याआधी तीनदा बोलला होता. स्टार बॅचला सर स्वतः शिकवत. अलीझा, अजहरची पोरगी, ड बॅचला होती. ड बॅचला शिकवणारा पोरगा स्वतःच अजून मेडिकलची सीईटी देत होता. परीक्षेला चार महिने उरले होते.

"हे काय आहे?" सरांनी रजिस्टर बाजूला केलं. जणू स्क्रीनवरचं ते पत्र अजहरनंच आणून ठेवलं होतं.

"मेलचा प्रोग्राम, सर. मशीनसोबतच येतो."

"मी मागितला होता?"

"न्हाई."

"मग काढ."

"काढता येत न्हाई, सर. विंडोजच्या पोटातच असतो तो. उघडायचा तेवढा बंद करता येतो."

"कर मग. मुहूर्त बघतोस का?"

अजहर खुर्चीवर बसला. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवरचं वाचायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा नियम होता. पण पत्र समोरच उघडं होतं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं.

'सर, सात मेल झाल्या. बोर्डावरचा माझा फोटो काढा. मी तुमच्याकडं तीन दिवस बसलो, ड बॅचला. काहीच कळेना म्हणून जळकोटला परत गेलो आणि घरीच अभ्यास केला. आता नांदेडला मेडिकलला आहे. तुमचा बोर्ड बघून आमच्या गावची चार पोरं तुमच्याकडं आलीत. त्यांना मी काय सांगू?'

अजहरनं पत्र दोनदा वाचलं. क्लासच्या दारावरच्या बोर्डावर धम्मानंदचा दरवाजाएवढा फोटो लावलेला होता. जूनमध्ये त्याच फोटोकडं बघून अजहरनं अलीझाचं नाव इथं घातलं होतं.

"झालं वाचून?" सर म्हणाले.

"सर, त्याचा फोटो उतरवला तर मेल आपोआप थांबतील."

"तुला मशीनसाठी बोलावलं का बोर्डासाठी?"

अजहरनं माउसवर हात ठेवला. सरच पुढं म्हणाले, "हा पोरगा माझ्याकडं बसला होता का नव्हता? त्यानंच लिहून दिलंय. मग खोटं काय आहे त्यात?"

सरांना खोटं बोलायची सवयच नव्हती. 'त्र्याण्णवच्या भूकंपातही एक तास बुडाला नाही,' असं बोर्डावर लिहिलेलं होतं. क्लास शहाण्णवला सुरू झाला होता.

अजहरनं माउसवरचा हात उचलला. "हाच फोटो बघून माझी पोरगी मी हितं टाकलीय. सात महिने झाले. ड बॅचला हाय ती."

"मग घेऊन जा तिला," सर म्हणाले. आवाज जराही चढला नाही. "जानेवारीत कोण घेतो बघू. नाहीतर उद्या सकाळी स्टार बॅचला पाठव. पहिल्या बाकावर बसवतो. काय ते लवकर ठरव, बाहेर माणूस ताटकळलाय."

भिंतीपलीकडून ड बॅचचा आवाज येत होता. एवढ्या पोरांत अलीझाचा आवाज ओळखू येणं शक्यच नव्हतं. तरी अजहरनं कान दिला.

मग त्यानं माउस धरला. एक शब्द टाइप केला, आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामांची यादी उघडली, त्या प्रोग्रामपुढच्या चौकटीतली खूण काढली. कंप्युटर बंद करून पुन्हा चालू केला. दोघंही स्क्रीनकडं बघत राहिले. विंडोजचा रंगीत झेंडा आला आणि त्यानंतर काहीच उघडलं नाही.

"मेल यायच्या थांबल्या?"

"न्हाई. त्या येतच राहतील. तुम्हाला दिसणार न्हाईत."

"मग झालं तर."

अजहर बाहेर पडला तसा संगप्पा बाकावरून उठला. फॉर्मची गुंडाळी त्यानं छातीशी धरली होती. "भाई, तुमी आतलेच दिसताव. पोरगी घालावं म्हणतो हितं. कसा हाय ओ क्लास?"

"मला काय विचारून राहिलास? मी मशीनवाला हाय."

"तसं नव्हं, भाई. तुमालाबी लेकरं असतील. आमाला यातलं काय कळतंय?"

अजहरनं स्कूटरला किक मारली. लागली नाही. दुसरी मारली. संगप्पा हलेना.

"माझी पोरगी हितंच हाय!" अजहर त्याच्या अंगावर खेकसला. "स्टार बॅचला. पहिल्या बाकावर. अजून काय सांगू?"

संगप्पाचं तोंड एकदम उजळलं. त्यानं अजहरला दोन्ही हात जोडले आणि पोरीला म्हणाला, "बघ! ह्यांनी सोताची लेक घातलीय. चल."

पोरगी मात्र लगेच हलली नाही. दारात चपला काढता काढता ती अजहरच्या तोंडाकडं बघत राहिली. बापानं पुन्हा हाक मारली, तेव्हा आत गेली.