आखाजीच्या नूडल्स

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, छगन आबांच्या घरी सगळ्यांनी पोटभर पुरणपोळ्या खाल्ल्या. ते घडलंच नाही, असं धरून पुढे जाऊ.

चार वाजता आबा झोपून उठले, तर घरात सणाची काही हालचाल नव्हती. अंगणात पोळ्यांचं खापर धुऊन उपडं घातलेलं. चूल थंड. बायको मंजुळाबाई भिंतीला टेकून पेंगत होती. पितरांची घागर मात्र भरलेली, वर खरबूज ठेवलेलं. मेलेले लक्षात राहिले आणि जिवंत माणसं विसरली, आबांच्या मनात आलं. बादलीत आंब्याच्या कोयी होत्या. म्हणजे आंबेही एकटीनंच खाल्ले.

पंचावन्न वर्षं ती कोपरापर्यंतच्या हातांवर पोळी पसरत आली होती. आज सणच विसरली.

मुलगी दीपमाला जामनेरहून सणाला आली होती. तिनं दिवाळीतच बजावलं होतं, "तुमच्यापैकी एकानं जरी विसरायला सुरुवात केली, तर दोघांना जामनेरला नेईन. धुळ्याचं घर बंद." दीपमाला बोलते ते करते. लहानपणी तिनं मांजरीचं नाव शाळेत घालून दाखवलं होतं.

आबांनी तहसील कचेरीत छत्तीस वर्षं कारकुनी केली होती. दुसऱ्याची चूक आपल्या सहीखाली कशी झाकायची, हे त्यांना ठाऊक होतं. चौकातल्या गाडीवरून ते तीन प्लेट नूडल्स घेऊन आले.

"यंदा मीच म्हटलं, पोळी नको," त्यांनी दीपमालेला सांगितलं. "किती वर्षं तेच ते."

दीपमालेनं आईकडे पाहिलं. आईनं छताकडे.

"आई, तुला चालेल?"

"तुमनी मर्जी शे ना," मंजुळाबाई आबांना म्हणाल्या. "मंग बठ्ठं यवस्थित शे."

सगळं व्यवस्थित म्हणाली, वेळेला सांभाळून घेते, आबांना बरं वाटलं.

दोघींनी नूडल्स औषधासारख्या गिळल्या. आबांनाही भूक नव्हती; काळजीनं मरतेच भूक. तरी त्यांनी आपली प्लेट संपवली, वर दीपमालेची अर्धी.

"आबा, बस करा. पोट बिघडेल."

"मग सणाला उपाशी राहू?"

मंजुळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "लई तिखट शे," त्या म्हणाल्या.

आबा हात धुऊन आले तेव्हा मंजुळाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरवर काहीतरी लिहीत होत्या. विसरू नये म्हणून टिपून ठेवते बिचारी. त्या भांडी घासायला गेल्यावर आबांनी चष्मा लावला. गाऱ्हाणं असेल तर रीतसर अर्ज करावा, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

'मा. देवसाहेब यांस. विषय : आठवणीबाबत. ह्यांनी आज दुपारी आमरसाशी तीन पोळ्या खाल्ल्या. सांगितलं तर रडतात, म्हणून आम्ही दोघी परत जेवलो. तरी उद्या घराला कुलूप लागण्यापूर्वी त्या तीन पोळ्या तेवढ्या ह्यांना आठवाव्यात, ही नम्र विनंती.'