लव्हाळ्याची सात ठिकाणं

"सर, हा लव्हाळा तुमच्या मागावर आहे का?" वनस्पती-नोंदणी कचेरीतल्या बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

टेबलावर सात पुठ्ठे. प्रत्येकावर एकच वनस्पती, वाळवून चिकटवलेली. तीनधारी दांडा, टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी लांब पानं, मधे तपकिरी तुरे. दिसायला गवत, पण गवत नव्हे. दूरच्या उष्ण दलदलीतला हा लव्हाळा इथे आजवर कुणाला दिसला नव्हता. समोर बसलेल्या प्राध्यापकांना वर्षात सात ठिकाणी दिसला. आता नोंदीवर बाईंचा शिक्का तेवढा बाकी होता.

बाईंची पेन्शन चार महिन्यांवर आलेली. तीस वर्षांत खोट्या नोंदीवर त्यांनी शिक्का मारला नव्हता, आणि जाता जाता नाक कापून घ्यायचं नव्हतं.

"पहिली जागा, तुम्ही उतरलात ते गेस्ट हाउस. दुसरी, तुमच्या दातांच्या डॉक्टरांची पायरी. तिसरी तर सासुरवाडी."

"मागचं अंगण. नळाखाली ओल असते."

"रोपं नेऊन लावलीत ना?"

"बाई, सासुरवाडीला मी हात हलवत जातो. सासऱ्यांना विचारा."

बाईंची नजर टेबलाखाली गेली. "तिकडच्या दलदलीतून आलात की बूट धुता?"

"कशाला? पुन्हा चिखलातच जायचं असतं."

"काढा बघू."

आधी वास आला, मग मोजा. मोज्याच्या घडीत मोहरीहून बारीक, तीनकोनी दाणे. बाईंनी एक भिंगाखाली धरला, शेजारी पुठ्ठ्यावरच्या तुऱ्यातला दुसरा. सख्खे भाऊ. त्यांनी शिक्का खणात टाकला.

प्राध्यापकही भिंगात डोकावले. लाजायचं सोडून त्यांचा चेहरा खुलला.

"पक्ष्याच्या पायाला चिकटून बी आलं तर शिक्का मारता ना?"

"मारते."

"मग माझ्या पायानं काय घोडं मारलंय?"

बाईंनी भिंग पुसायला घेतलं. तोवर प्राध्यापकांनी फॉर्म ओढला. 'बियांचा प्रसार कशामुळे' या रकान्यात 'पाणपक्षी' लिहिलेलं होतं. ते खोडून त्यांनी सावकाश स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, पदव्यांसकट.

बाईंनी दोनदा वाचलं. खोटं काहीच नव्हतं. त्यांनी खणातून काढून शिक्का मारला, बुटांवर नमुना क्रमांक आठची चिठ्ठी चिकटवली, आणि सरांना अनवाणी घरी पाठवलं.