देवधर आजोबांना उठवताना

शालननं चाकाच्या खुर्चीचे ब्रेक तिसऱ्यांदा तपासले. मग माणसाला उभं करून वळवायचा स्टँड देवधर आजोबांच्या पलंगाला भिडवला, त्यांची पावलं खालच्या गोल पाटावर ठेवली आणि कमरेचा पट्टा आवळला. "आता दांडा धरून उभे राहा." ते उभे राहिले. तिनं पाट हळूच फिरवून त्यांना अलगद खुर्चीत बसवलं.

वृद्धाश्रमाच्या याच खोलीत सहा महिन्यांपूर्वी आजोबांच्या पत्नी, देवधर आजी होत्या. एका सकाळी शालननं त्यांना नुसत्या हातांनी उचललं. त्या निसटल्या, खुबा मोडला आणि दहा दिवसांत गेल्या. "चक्कर आली," असं शालननं सगळ्यांना सांगितलं होतं. पण तो धप्प आवाज तिला अजून रोज ऐकू यायचा.

"हिलाही असंच उठवायचीस ना?" आजोबांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. पण शालन म्हणाली, "त्या दिवशी नाही, आजोबा. स्टँड शेजारच्या खोलीत होता. आणायचा कंटाळा केला मी. चक्कर नव्हती आली त्यांना."

आजोबांनी तिच्या हातांकडे पाहिलं.

"जाण्यापूर्वी तिनं सांगितलं होतं मला," ते म्हणाले. "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून इथं आलो."

दुसऱ्या सकाळीही उठवायला त्यांनी शालनलाच बोलावलं.