महालातल्या सपाता

चेक देशात, मोराव्हियातल्या त्या जुन्या बरोक शैलीच्या महालाला पुन्हा नवा मालक मिळाला. आधी उमराव, मग सरकार, मग व्हिएन्नाहून परतलेला उमरावाचा नातू, मग एक हॉटेलवाला आणि आता ब्रनो शहरातले फर्निचरवाले कुबातसाहेब. महाल बघायला लोक येणं कधीच बंद झालं होतं. नोकरमाणसंही गेली, उरल्या त्या किल्ल्या सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या व्लास्ताबाई. आता आपल्यालाही नारळ मिळणार, हे त्या ओळखून होत्या.

दारातच त्यांनी, पूर्वी महाल बघायला येणाऱ्यांना देत त्या जाड लोकरी सपाता पुढे केल्या. "बुटांवरून चढवा, साहेब."

"अहो, मालक आहे मी."

"हॉटेलवालेही हेच म्हणाले होते. चढवा."

साहेबांनी निमूट चढवल्या. मग छाती पुढे काढून, पाय घासत घासत त्यांनी सगळा महाल पालथा घातला. एक कोपरा सोडला नाही. परत दारापाशी आल्यावर म्हणाले, "बाई, स्पष्टच सांगतो, तुमची आता गरज नाही. पण ही लाकडी जमीन आरशासारखी चकाकतेय. कोण पुसतं? त्याला तेवढं ठेवून घेऊ."

व्लास्ताबाईंनी साहेबांच्या पायातल्या सपाता काढून घेतल्या आणि त्यांचे काळेकुट्ट झालेले तळ उंबऱ्याबाहेर झटकले.

"ज्याची नवी मालकी असते तो, साहेब. हौसेनं खोली न् खोली फिरतो."