तज्ज्ञशाहीला एक विरोध

“तज्ज्ञशाही म्हंजे काय रे?” शकुबाईंनी मागच्या सतरंजीवरून विचारलं.

विक्रोळीच्या बुद्धविहारात रविवारची सभा भरली होती. ठराव वाचणारा चैतन्य त्यांचाच मुलगा. समितीचा सेक्रेटरी, पवईला शिकलेला इंजिनियर. जुना विहार पाडून नवा बांधायचा होता. तीन सभा नुसत्या भांडणात गेल्या, कामाच्या नावाने बोंब.

“म्हणजे ज्याला कळतं त्याने ठरवायचं, आई. एक इंजिनियर, एक वकील, एक डॉक्टर. तिघं मिळून काय ते ठरवतील. हे दर वेळी हात वर करणं बंद.”

“आणि आम्ही?”

“तुम्हाला कळवू ना.”

दोघं-तिघं हसले. शकुबाईंना मात्र लागलं. पोरगा चार माणसांत उभा राहून बोलतो याचं त्यांना कोण कौतुक! आज ते कौतुक घशाखाली उतरेना.

“सळई किती, सिमेंट किती, ते तूच ठरव बाबा, मला काय कळतंय त्यातलं? पण पोरांची अभ्यासिका ठेवायची की तिथं लग्नाचा हॉल काढायचा, हे त्या वकिलाला माझ्यापेक्षा जास्त कसं कळतं? आमच्या गावातपण होतं हे. कळणारे पारावर बसायचे, आम्हाला खाली उभं करून कळवायचे.”

“ते वेगळं होतं, आई.”

“असेल.”

“शकुताई, लोक भांडणाला वैतागलेत हो,” अध्यक्ष सहदेवभाऊ म्हणाले. “बांधकाम सुरू तर होऊ दे. चला, ठरावाच्या बाजूने कोण?”

भराभर हात वर झाले. शेजारच्या नंदानेही केला, शकुबाईंकडे न बघता.

“झालं. एकमताने मंजूर, लिही रे.”

“एकमताने कसं?” शकुबाई उठून टेबलापाशी आल्या. “विरोधात एक. माझं नाव लिही.”

“घरचंच माणूस आहे, सोडा ना,” सहदेवभाऊ पुटपुटले.

चैतन्यने रजिस्टर पुढे ओढलं. नाव लिहिलं, खोली नंबर लिहिला. पुढचा रकाना त्याने तज्ज्ञ निवडायला म्हणून गेल्याच महिन्यात आखला होता.

“शिक्षण?” त्याने सवयीने विचारलं, आणि जीभ चावली. आई शाळेची पायरी चढली नव्हती, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? पेन तिथेच थांबलं.

“लिही ना,” शकुबाई म्हणाल्या. “एक इंजिनियर शिकवला.”