म्हशींची मोजणी
आमच्या सड्यावर, या कातळाच्या पठारावर, वही घेऊन येणारा माणूस आधी एकच विचारतो, म्हशी किती. कमी सांगितल्या तर म्हणतो, एवढ्यांना एवढं रान कशाला; जास्त सांगितल्या तर म्हणतो, तुमच्या म्हशींनीच रान खाल्लं. मागच्या खेपेला जंगलखात्याचे लोक मोजून गेले आणि पावसाआधी आमच्या झरीभोवती कुंपण आलं. म्हणून पेडण्याच्या कॉलेजात शिकवणारी प्रिया एका परदेशी बाईला आम्हा धनगरांकडे आणतेय हे कळताच मी बायकोला म्हशींसकट टेकाडापलीकडे पाठवलं. बाई नॉर्वेची, तिथल्या सामी लोकांतली. बर्फात रेनडियरचे कळप राखणारे ते. प्रियाने सांगितलं, मी मान हलवली. पण बाईच्या मांडीवर वही होतीच ना. बाईने ताक घेतलं, खुंटीवरची घंटा वाजवून पाहिली, म्हातारी म्हैस वाट कशी ओळखते ते विचारलं. ऊन उतरलं तरी तो प्रश्न येईना. शेवटी मलाच राहवेना. प्रियाला म्हटलं, "बाय, तिका विचार, म्हशी किती ता तिना अजून कित्या विचारूक नाय?" ऐकून बाईने वही मिटली. तिचं बोलणं प्रियाने सांगितलं, "ती म्हणता, त्यांच्यात कळप किती ता कोण विचारीत नाय. तिच्या आज्याक सायबांनी विचारल्यानी. तेणा खरा सांगल्यान, आणि सायबांनी अर्धो कळप कापूक लावल्यानी." मी उठलो. मग टेकाडाकडे तोंड करून बायकोला हाक घातली, "म्हशी घेवन ये गे. सगळ्यो नको, अर्ध्योच."